विस्तव निजवणारी माणसं

मराठी घरात दिवा विझवत नाहीत. तो मालवतात, शांत करतात किंवा त्याला निरोप देतात. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकानदार रात्री दुकान बंद करत नाही, वाढवतो. घराबाहेर पडणारा ‘जातो’ म्हणाला, की आतून कुणीतरी वडीलधारं चटकन सुधारतं, ‘येतो म्हण.’ या बोलण्यामागे कुठली पोथी नाही आणि कुणा गुरूची आज्ञाही नाही. ज्यांच्यावर आपलं घर चालतं त्या वस्तूंशी आणि माणसांशी नीट बोलावं, एवढीच ही रीत. जनगणनेच्या तक्त्यात ती कुठल्याच धर्माच्या रकान्यात बसायची नाही. पण घर उभं असतं ते पुष्कळदा अशाच गोष्टींवर.

अशाच रीतींचा फार मोठा साठा युरोपातल्या एका छोट्या देशाने जपला आहे. तो देश लिथुआनिया. बाल्टिक समुद्राकाठी वसलेला, महाराष्ट्राच्या सुमारे पाचव्या हिस्स्याएवढा आणि तीस लाखांहून कमी वस्तीचा. युरोपातल्या राज्यांपैकी सर्वांत शेवटी ख्रिस्ती झालं ते हे राज्य. तोवर तिथले लोक ‘पेगन’ म्हणवले जात. लॅटिनमधल्या ‘पागानुस’वरून हा शब्द आला. त्याचा मूळ अर्थ खेड्यातला माणूस. पुढे जुन्या देवांना मानणाऱ्या साऱ्यांनाच हे नाव चिकटलं आणि ते कौतुकाचं नव्हतं, हे सांगायला नकोच.

या पेगन लिथुआनियन घरातली सर्वांत जवळची देवता चुलीत राहायची. तिचं नाव गाबिया. हे नाव ‘झाकणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी जोडलं जातं आणि त्यातच तिची पूजा आली. दिवसाचं काम संपलं, की घरची बाई निखारे एकत्र ओढायची आणि वरून राख पसरायची. तिथल्या बोलीत याला गाबियाचं अंथरूण घालणं म्हणत. कुठे कुठे शेजारी स्वच्छ पाण्याचं भांडंही ठेवत, देवीला हातपाय धुता यावेत म्हणून. मग आता शांत नीज, घरात भटकू नकोस, अशी चार शब्दांची विनवणी. स्वयंपाक करताना चिमूटभर मीठ आगीत टाकायचं, तो तिचा घास. आगीत थुंकायचं नाही, तिला पाय लावायचा नाही, विझवायचीच वेळ आली तर गढूळ पाणी ओतायचं नाही. मुलगी सासरी निघाली, की आईच्या चुलीतला विस्तव तिच्या नव्या घरी जायचा.

हे वाचताना आपल्याकडच्या जुन्या माणसांना आपलीच आजी आठवेल. सारवलेली चूल, तिच्यावर हळदकुंकवाची बोटं, पहिला घास अग्नीला आणि रात्री राखेत पुरून ठेवलेला निखारा. त्या पुरण्यात व्यवहार होताच. आगकाडी घरोघर पोचली ती एकोणिसाव्या शतकात. त्याआधी विस्तव गेला तर शेजारी जाऊन मागावा लागे. आणि लाकडी, गवताने शाकारलेल्या घरात तो नीट झाकला नाही, तर रात्रीतून घर जायचं. जी आग जेवू घालते तीच घर जाळते. तिला सांभाळणं आणि तिला देव मानणं ही तिथे दोन कामं नव्हती. एकाच हाताने एकाच वेळी ती होत.

मोठ्या देवळांचं तसं नसतं. तो धर्म राजाच्या हुकमाने येतो आणि हुकमाने जातो. १३८६ साली लिथुआनियाचा राजा योगाइला पोलंडच्या राणीशी लग्न करण्यासाठी ख्रिस्ती झाला आणि पुढच्या वर्षी, १३८७ मध्ये, त्याने आपल्या प्रजेलाही बाप्तिस्मा देववला. पंधराव्या शतकातला पोलिश इतिहासकार यान द्लुगोश लिहितो, की विल्नियस शहरातला पवित्र अग्नी तेव्हा विझवला गेला, देवराया तोडल्या गेल्या, पूज्य मानलेले साप मारले गेले. पश्चिमेकडच्या झेमाइतिया प्रांतावर तीच पाळी १४१३ साली आली. कागदोपत्री प्रकरण मिटलं.

स्वयंपाकघरात मात्र ते मिटलं नाही. राजाचे शिपाई देवराईपर्यंत पोचले, पण रात्री कोण राख कशी पसरतं हे पाहायला घरोघर कोण जाणार? बायांनी देवीचं नाव बदललं. कुठे गाबिया राहिली, कुठे तिच्या जागी आगीपासून राखणारी संत अगाथा आली. निखारे झाकणं चालूच राहिलं. नाताळच्या आदल्या रात्री, ‘कूचिओस’ला, आजही तिथल्या घरांत टेबलावर गवत पसरून वर पांढरं कापड घालतात, मांसाविना बारा पदार्थ मांडतात आणि पुष्कळ घरांत उरलेलं अन्न रात्रभर तसंच ठेवतात, घरातली गेलेली माणसं येऊन जेवतात म्हणून. भाकरीचा तुकडा खाली पडला तर उचलून त्याचं चुंबन घेण्याची जुनी रीत आहे. हे सारं करणारी कुटुंबं बहुतेक श्रद्धाळू कॅथलिक. आपण पेगन काही करतो आहोत असं त्यांच्या मनातही येत नाही.

विसाव्या शतकात दुसरं संकट आलं, सोव्हिएत राजवटीचं. तिला चर्चही नको होतं आणि चूलही. तेव्हा काही तरुणांनी लोकगीतांचा आडोसा घेतला. १९६७ साली केर्नावे या जुन्या राजधानीच्या टेकड्यांवर त्यांनी उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाचा उत्सव केला, आग पेटवली, ‘दाइना’ नावाची जुनी गाणी म्हटली. १९७१ साली त्यांच्या मंडळांवर बंदी आली. त्यांचे एक पुढारी योनास त्रिंकूनास यांची विद्यापीठातली नोकरी १९७३ साली गेली. ऐंशीच्या दशकाअखेर वारं फिरलं, चळवळ पुन्हा उभी राहिली आणि स्वतंत्र लिथुआनियात १९९२ साली ‘रोमुवा’ या नावाने तिची नोंदणी झाली. २०११ च्या जनगणनेत पाच हजारांहून थोड्या अधिक लोकांनी हा आपला धर्म म्हणून लिहिला. राज्याची मान्यता २०१९ मध्ये संसदेने नाकारली. २०२१ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने तो भेदभाव ठरवला आणि डिसेंबर २०२४ मध्ये संसदेने अखेर मान्यता दिली. राख पसरल्यापासून सहाशेहून अधिक वर्षांनी निखारा वर आला म्हणायचा.

इथे आपल्यापैकी अनेकांना एक मोह होईल. लिथुआनियन भाषेत आगीला ‘उग्निस’ म्हणतात, देवाला ‘दिएवास’, मुलाला ‘सूनुस’, दाताला ‘दान्तिस’. अग्नी, देव, सूनु, दंत आपल्या कानात वाजतातच. म्हणजे हे सारे मूळचे आपलेच, असं म्हणून छाती फुगवायला वेळ लागत नाही. पण खरं नातं चुलत भावंडांचं आहे. दोन्ही भाषा एका फार जुन्या भाषेच्या लेकी, आणि कुणी कुणाच्या घरून काही उचलून नेलेलं नाही. शिवाय रोमुवाचे आजचे सगळेच विधी जसेच्या तसे जुने आहेत, असंही नाही. जुन्या धर्माबद्दलची लेखी माहिती बहुतेक त्याच्या विरोधकांनी लिहिलेली. बाकीचं गाण्यांतून, म्हाताऱ्यांच्या आठवणींतून वेचून पुन्हा जोडलेलं. तुटलेली माळ ओवताना काही मणी नवे घालावे लागतात. मला त्यात कमीपणा वाटत नाही.

आपल्याकडे ही माळ कुणी तोडली नाही. हुकूम निघाला नाही, बंदी आली नाही. आपली चूल गेली ती सोयीने. ते जाताना मी जवळून पाहिलं, कारण त्या कामाला थोडा हातभार माझ्या सहीचाही होता. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाखेत मी शेतीकर्जाचं काम पाहत असे. गोबरगॅससाठी तेव्हा अनुदान होतं आणि आम्ही कर्ज देत होतो. टाकी बांधून झाली, की पाहणी करून अहवाल लिहायचा. एका घरी निळी ज्योत पेटलेली दाखवली. घरची म्हातारी बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “सायेब, ह्या जाळाला राख न्हाई. मग रातीला झाकायचं काय?” माझ्या छापील फॉर्मात या प्रश्नाला रकाना नव्हता. उत्तर आलं ते दाराआडून, सुनेचं. “आत्या, डोळं तरी वाचत्याल.”

दोघींचंही खरं होतं, हे मला तेव्हाही कळलं आणि आजही त्यातली एक बाजू मी सोडू शकत नाही. चुलीच्या धुराने किती बायकांचे डोळे आणि छाती गेली, याचा हिशेब कुठल्याही देवीने दिलेला नाही. चूल पवित्र म्हणणारे पुरुष ओसरीवर मोकळ्या हवेत बसलेले असत. त्याच पवित्रपणाच्या नावाखाली महिन्याचे चार दिवस घरच्याच बाईला चुलीपासून लांब बसवलं जाई आणि कुणाच्या हातचा विस्तव घ्यायचा नाही हेही ठरलेलं असे. तो सगळा संसार परत आणावा असं म्हणण्याची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही. धूर गेला ते बरंच झालं.

पण म्हातारीचा प्रश्न उरतोच. तिला राख हवी नव्हती. दिवसभर ज्याने आपल्याला जेवू घातलं, त्याला रात्री काहीतरी म्हणायची जागा हवी होती. विल्नियसच्या सोव्हिएत काळातल्या चौकोनी इमारतींत चुली नाहीत. तिथले रोमुवाचे लोक मेणबत्ती लावतात, चिमूटभर मीठ वाहतात, एखादं गाणं म्हणतात. जागा लहान झाली म्हणून त्यांनी रीत मोडीत काढली नाही, जागेच्या मापाची करून घेतली.

हे आपल्यालाही जमण्यासारखं आहे आणि त्यासाठी श्रद्धाळूच असावं लागतं असं नाही. आमच्या घरी हे काम हिच्याकडे होतं. ती गेल्यापासून गेली चार वर्षं माझ्याकडे आहे. संध्याकाळी दिवा, रात्री ओटा पुसणं, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करणं. रेग्युलेटर फिरवताना मी क्षणभर हात तिथेच ठेवतो. तोंडाने काही म्हणत नाही. मुंबईहून सुटीला आलेल्या नातवाने एकदा विचारलं, “आजोबा, बंद झालाय ना? मग थांबलात कशाला?” मी त्याला गाबियाची गोष्ट सांगितली, अंथरुणाची आणि हात धुवायच्या पाण्याची. त्याला ती आवडली. दुसऱ्या रात्री रेग्युलेटर मी बंद केला आणि त्याने ओट्याच्या कडेला पाण्याची छोटी वाटी ठेवली.

सकाळी कामाला आलेल्या मावशींनी ती वाटी उचलून विचारलं, “हे कुणासाठी?” नातवाने सांगितलं. मावशी हसल्या, म्हणाल्या, “आमच्यात तुळशीला ठेवतात,” आणि पाणी खिडकीतल्या कुंडीत ओतलं.