छडी उगारण्याआधी

मिरजेहून पुण्याची गाडी धरली की कराडनंतर मसूर स्टेशन लागतं. १९०१च्या सुमारास साताऱ्याहून निघालेली काही मुलं इथं उतरली. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरीला होते, त्यांच्याकडे निघालेली. अंगावर नवे कपडे, खिशात भाड्याचे पैसे. जात कळताच स्टेशनमास्तर मागं सरला आणि गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं देऊन बैलगाडी मुलांनीच हाकली. त्यांच्यातच होता छोटा भीमराव आंबेडकर.

या वागणुकीची तालीम आधी शाळेत झाली होती. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भीमरावांचं नाव दाखल झालं. वर्गात कोपऱ्यात, एकट्यानं, गोणपाटावर बसायचं. साफसफाई करणारा गडी त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते रोज घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. तहान लागली तर नळ शिपायानं सोडायचा. शिपाई नाही तर पाणी नाही. एवढ्यासाठी कुणाला छडी उगारावी लागली नाही.

शाळेतली हिंसा म्हटलं की आपल्याला मारहाणच आठवते. ती शेवटची पायरी. आधी पोराला वेगळं बसवतात, मग नाव पाडतात, मग झाडू त्याच्याच हाती देतात. याच्या बाजूनं कुणी बोलणार नाही, हे एकदा सगळ्यांना कळलं की हात उचलायला वेळ लागत नाही. नगर जिल्ह्यात खर्डा इथं एप्रिल २०१४ मध्ये सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. मारहाणीची सुरुवात शाळेतच झाल्याचा आरोप होता. साक्षीदार फिरले आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले.

आपल्या कृष्णा-वारणा पट्ट्यात दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. त्यांचं मूल इथल्या वर्गात बसलं तर पाहुणं, गावी परतलं तर मागं पडलेलं. त्याला कुणी चिडवलं, ढकललं तर तक्रार कोण करणार? आईबाप पहाटेपासून फडात असतात. युनेस्कोच्या २०१९च्या अहवालानुसार जगात जवळपास तीनातल्या एका विद्यार्थ्याला महिन्याभरात एकदा तरी सोबत्यांकडून त्रास होतो. त्यातही जो वेगळा दिसतो, त्याला धोका जास्त.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. बदलापूरच्या शाळेत २०२४ मध्ये लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर शाळाशाळांत कॅमेऱ्यांची सक्ती आली. कॅमेरे हवेतच, पण त्यांत उगारलेला हात दिसतो, कोपऱ्यात बसवलेलं पोर खटकत नाही. ते माणसांनाच खटकावं लागतं. शाहू महाराजांना खटकलं, म्हणून १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद होऊन सगळी मुलं एकत्र आली. कर्मवीर भाऊरावांना खटकलं, म्हणून साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवली.

सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि वंचित घरांतल्या पालकांना त्यात प्रमाणात जागा द्यावी लागते. पुढच्या बैठकीला जाल तेव्हा एवढं विचारा : शेवटच्या बाकावर रोज कोण बसतं? वर्ग कोण झाडतं? हंगामात आलेल्या मुलांची नावं हजेरीपटावर आहेत का? आणि त्यांचे पालक या बैठकीत का नाहीत?