नकाराधिकार आणि परकीय हस्तक्षेप

नकाराधिकार : संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतील ठराव केवळ आपल्या विरोधी मताने निष्फळ करण्याचा पाच कायम सदस्यांचा अधिकार. यास ‘व्हेटो’ असेही म्हणतात. अमेरिका, रशिया, ग्रेट ब्रिटन, फ्रान्स व चीन हे ते पाच सदस्य होत. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत ‘नकाराधिकार’ हा शब्द कोठेही आलेला नाही. कार्यपद्धतिविषयक बाबी वगळता इतर निर्णयांस कायम सदस्यांची सहमती असली पाहिजे, असे अनुच्छेद २७ सांगतो आणि त्यातूनच हा अधिकार निष्पन्न होतो. परिषदेची सदस्यसंख्या १९६५ पर्यंत ११ होती व निर्णयास सात अनुकूल मते लागत; त्या वर्षापासून सदस्य १५ व आवश्यक मते नऊ झाली. कायम सदस्याचे तटस्थ राहणे म्हणजे नकार नव्हे, हा प्रघात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने नामिबियाविषयीच्या १९७१ च्या अभिमतात ग्राह्य धरला.

या तरतुदीचे सूत्र फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथील परिषदेत ठरले. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को येथे सनद तयार होत असताना लहान राष्ट्रांनी त्यास विरोध केला; तथापि हा अधिकार नसेल, तर संघटनाही नसेल, अशी महासत्तांची भूमिका होती. एखाद्या महासत्तेविरुद्ध सामुदायिक लष्करी कारवाई करणे म्हणजे महायुद्धास निमंत्रण देणे होय, हा त्यामागील विचार. समता व शांतता यांपैकी शांततेला दिलेले हे प्राधान्य होते.

हस्तक्षेपाचा प्रश्न : सनदेचा अनुच्छेद २ बळाच्या वापरास व राष्ट्रांच्या अंतर्गत बाबींतील ढवळाढवळीस मनाई करतो. स्वसंरक्षण (अनुच्छेद ५१) व परिषदेने सातव्या प्रकरणाखाली योजलेली कारवाई हे त्यास अपवाद आहेत. अशा बंधनांची आवश्यकता वऱ्हाडच्या इतिहासावरून लक्षात येते. यशवंतराव होळकराने १८०२ मध्ये पुण्याजवळ पराभव केल्यावर दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांचे साहाय्य मागितले व वसईचा तह केला. या निमंत्रित हस्तक्षेपातून दुसरे इंग्रज-मराठे युद्ध उद्‌भवले. आडगावची लढाई (२९ नोव्हेंबर १८०३) व गाविलगडाचा पाडाव (१५ डिसेंबर) यांनंतर देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांनी वऱ्हाडचा बहुतेक प्रदेश गमावला व तो निजामाकडे गेला. पुढे हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी अचलपूरलगतच्या परतवाड्यात राहिली आणि त्याच फौजेच्या खर्चापोटी १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. साहाय्यार्थ आलेले सैन्य सहसा परत जात नाही, ही आशियाई राष्ट्रांची हस्तक्षेपाविषयीची शंका अशा अनुभवांतून निर्माण झाली आहे.

गोवा, १९६१ : मराठी भाषिकांच्या दृष्टीने नकाराधिकाराचे सर्वांत निकटचे उदाहरण गोव्याचे होय. पोर्तुगालने १९५१ मध्ये आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ ठरवून हा प्रश्न अंतर्गत असल्याचा दावा केला. १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी दादरा व नगरहवेली मुक्त केल्यावर पोर्तुगालने आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. पोर्तुगालला खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व मालापुरता मार्गाधिकार आहे, सैन्य व शस्त्रांसाठी नाही आणि भारताने कर्तव्यभंग केलेला नाही, असा निर्णय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी दिला. दरम्यान १९५५ मध्ये ना. ग. गोरे, सेनापती बापट इत्यादींनी सत्याग्रह केला. १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. आमसभेने डिसेंबर १९६० मध्ये वसाहतींच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत केला व पोर्तुगालच्या अस्वयंशासित प्रदेशांत गोव्याची गणना केली.

भारतीय सैन्य १८ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यात शिरताच पोर्तुगालच्या तक्रारीवरून परिषद भरली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान यांच्या ठरावात युद्ध थांबवावे, भारताने सैन्य मागे घ्यावे व वाटाघाटी कराव्यात, असे म्हटले होते. त्यास सात मते अनुकूल पडली. सोव्हिएट रशिया, सिलोन, लायबीरिया व संयुक्त अरब प्रजासत्ताक यांनी विरोध केला. सात मते त्या वेळी पुरेशी होती. म्हणजे रशियाचे मत साधे विरोधी मत असते, तर ठराव संमत झाला असता. उलट, पोर्तुगालची तक्रार फेटाळण्याचा सिलोन, लायबीरिया व संयुक्त अरब प्रजासत्ताक यांचा ठराव चार विरुद्ध सात मतांनी नामंजूर झाला. पोर्तुगीज राज्यपालाने १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते मात्र १९७४ च्या अखेरीस.

परिषदेतील वाद मूलगामी होता. वसाहत हेच मुळात चालू असलेले आक्रमण असल्याने तिचे निर्मूलन म्हणजे आक्रमण नव्हे, अशी भारताचे प्रतिनिधी चं. शे. झा यांची भूमिका होती. उद्दिष्ट कितीही न्याय्य असले, तरी बळाचा वापर क्षम्य ठरविल्यास संघटनेचाच अंत ओढवेल, असा अमेरिकेच्या ॲडले स्टीव्हन्सन यांचा प्रतिवाद होता. दोन्ही भूमिकांना सनदेत आधार आहे. शांततामय उपाय वर्षानुवर्षे खुंटले असता न्यायाची वाट कोणती, या प्रश्नाचे उत्तर मात्र सनद देत नाही.

नंतरचा काळ : बांगलादेश युद्धाच्या वेळी, डिसेंबर १९७१ मध्ये, रशियाने तीनदा नकाराधिकार वापरून युद्धबंदीचे ठराव रोखले, आमसभेने मात्र १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदीची मागणी केली. १९९४ मध्ये रूआंडातील वंशसंहार रोखला गेला नाही. तेथे नकाराधिकार नव्हे, तर महासत्तांची अनिच्छा आड आली. १९९९ मध्ये नाटोने परिषदेच्या अनुमतीविना कोसोव्होप्रकरणी बाँबहल्ले केले. २०११ मध्ये लिबियातील नागरिकांच्या संरक्षणार्थ दिलेली अनुमती सत्तांतरापर्यंत ताणली गेली, असा आक्षेप घेण्यात आला. युक्रेनवरील आक्रमणाविरुद्धचा ठराव २५ फेब्रुवारी २०२२ रोजी खुद्द रशियाने रोखला. भारत त्या वेळी तटस्थ राहिला. नकाराधिकार वापरला गेल्यास कामकाजाच्या दहा दिवसांत आमसभेत चर्चा व्हावी, असे एप्रिल २०२२ मध्ये ठरले. परंतु त्यामुळे नकार रद्द होत नाही.

मूल्यमापन : नकाराधिकार न्याय-अन्यायाची निवड करीत नाही, तो धारण करणाऱ्याच्या हिताची निवड करतो. गोव्याच्या बाबतीत त्या हिताची व वसाहतमुक्तीची वाट एक झाली. अन्यत्र तोच अधिकार आक्रमकाची ढाल बनला. तो रद्द करावयाचा, तर सनददुरुस्तीस पाचही कायम सदस्यांची मान्यता लागते आणि ती मिळण्याचा संभव अल्प आहे. म्हणून या अधिकाराच्या कोणत्याही वापराची पारख करताना तो कोणी वापरला यापेक्षा त्यामुळे कोणाचे संरक्षण झाले, हा निकष अधिक उपयुक्त ठरतो.