तांब्याची विळी कुणी पाहिली आहे?

तांब्याचा हंडा आपल्या ओळखीचा. कळशी, बंब, देवघरातली पळी आणि ताम्हन, सगळं तांब्याचं. पण मैत्रिणींनो, तांब्याची विळी कधी पाहिलीत? किंवा तांब्याचा अडकित्ता? मी तरी नाही. का नसावी, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला पडलाही नव्हता. तो पडला उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांबद्दल वाचताना, आणि मग शाळेत घोकलेलं बरंच काही डळमळलं.

घोकलेलं म्हणजे हे : आधी अश्मयुग, मग ताम्र-कांस्ययुग, मग लोहयुग. जिन्याच्या पायऱ्यांसारखं. दगडवाले खाली, धातूवाले वर. ही विभागणी रूढ केली डेन्मार्कच्या ख्रिश्चन थॉमसन यांनी, कोपनहेगनच्या संग्रहालयातल्या वस्तू लावताना. १८३६ साली ती छापूनही आली. म्हणजे मुळात ती कपाटं लावायची सोय. आपण मात्र तीच फूटपट्टी घेऊन माणसं मोजायला लागलो. "अजून अश्मयुगातच आहेत" असं कुणाबद्दल किती सहज म्हणतो आपण!

आता जरा लांब जाऊ. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर सुपीरियर नावाचं समुद्रासारखं सरोवर आहे. त्याच्या दक्षिण काठावर आणि आयल रॉयल या बेटावर तांबं सापडतं, तेही थेट धातूच्या रूपात. खनिज भाजा, वितळवा, गाळा, असली कटकट नाही. ओंटोनॅगन नदीतला तांब्याचा एक गोटा तर सुमारे १,७०० किलोचा होता. १८४३ मध्ये तो तिथून हलवला आणि पुढे वॉशिंग्टनला नेला.

या भागातले लोक सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच तांब्याच्या वस्तू करू लागले होते. जगातल्या सगळ्यात जुन्या धातुकामांपैकी हे एक. दगडी गोट्यांनी खडक फोडायचा, आतलं तांबं मोकळं करायचं आणि ठोकून ठोकून आकार द्यायचा. तांबं ठोकलं की ताठर होतं आणि मग चिरतं. म्हणून मध्येच विस्तवात तापवून मऊ करायचं, पुन्हा ठोकायचं. पुण्याच्या तांबट आळीत ज्यांनी हंड्यावरचं मठारकाम पाहिलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. असे त्यांनी भाले, सुऱ्या, कुऱ्हाडी, माशांचे गळ आणि कातड्याला भोकं पाडायच्या आऱ्या केल्या. काही कमी कारागिरी नव्हती ती.

आणि मग, हजारो वर्षं हे सगळं केल्यावर, साधारण तीन हजार वर्षांपूर्वी त्यांनी तांब्याची बरीचशी हत्यारं सोडून दिली. भाल्याचं टोक पुन्हा दगडाचं, सुरी पुन्हा दगडाची. तांबं उरलं ते मुख्यतः मणी, कडी, दागिन्यांसाठी.

जिन्याच्या हिशेबानं ही उलटी चाल. आपण लगेच म्हणू, विद्या विसरले बिचारे! पण विसरले असते तर दागिने कसे घडवले असते?

ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठातल्या मिशेल बेबर या पुरातत्त्वज्ञ बाईंनी याचा छडा लावायचा वेगळाच मार्ग धरला. त्यांनी जुन्या पद्धतीची तांब्याची हत्यारं स्वतः बनवून घेतली आणि दगडी हत्यारांबरोबर एकाच कामाला जुंपली. २०१९ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : तांबंच कमी पडलं. कारण गंमतीशीर आहे. सुपीरियरचं तांबं फार शुद्ध. शुद्ध म्हणजे मऊ. जगात इतरत्र तांब्यात आर्सेनिकसारखे पदार्थ मिसळलेले असत, त्यामुळे ते कणखर होई, आणि तिथून कांस्याची वाट निघाली, असं त्यांचं म्हणणं. इथं शुद्धपणाच नडला! दगडाची कपची मात्र क्षणात निघते आणि तिची धार विचारू नका. तुटली तर दुसरी काढायची. तांब्याची सुरी वाकली तर सरळ करता येते हे खरं, पण त्यासाठी कष्ट किती, सरपण किती!

ओजिब्वे हे तिथले मूळ रहिवासी. त्यांच्या भाषेत तांब्याला 'मिस्क्वाबिक' म्हणतात. त्यात 'मिस्क' म्हणजे तांबडा, आणि पुढचा 'आबिक' हा शब्दांश खडक आणि धातू दोन्हींसाठी चालतो. ज्यांच्या बोलण्यात दगड आणि धातू असे शेजारी बसतात, त्यांना आपला जिना कशाला आठवेल?

पण मला खरं थबकवलं ते एका अपवादानं. भाले गेले, सुऱ्या गेल्या, तांब्याची आरी मात्र टिकली. कातडं शिवण्याआधी भोक पाडायची ती बारीक, टोकदार आरी. आणि कातडी कमावणं, अंगरखे, तंबू शिवणं हे काम त्या भागातल्या पुढच्या काळातल्या नोंदींत बहुतेक ठिकाणी बायकांचं दिसतं.

आरीचीच आणखी एक गोष्ट आहे, बऱ्याच अलीकडची. व्यापाऱ्यांनी युरोपातून लोखंड आणल्यानंतरची. मिनेसोटातल्या लिटल रॅपिड्स इथं एकोणिसाव्या शतकातली डाकोटा लोकांची वस्ती होती. तिथं १९८० मध्ये जॅनेट स्पेक्टर यांच्या उत्खननात आरीची एक छोटी मूठ मिळाली, सांबरासारख्या प्राण्याच्या शिंगाची. अशा आऱ्यांबद्दल विद्वान लिहीत ते प्रामुख्यानं लोखंडी टोकाबद्दल : किती लांब, कुठल्या घडणीचं, युरोपातून कधी आलं. मूठ जणू नव्हतीच. टोक विकतचं, मूठ घरची, तरी मान विकतच्याला. (ओळखीचं वाटतंय ना?)

स्पेक्टरबाईंनी मूठच हातात धरली. तिच्यावर ओळीनं ठिपके कोरलेले होते, आणि त्यांत लाल रंग भरलेला. डाकोटा बायका आपल्या अवजारांच्या मुठींवर अशा खुणा करून ठेवत. किती कातडी कमावली, किती तंबू शिवले, त्याचा तो हिशेब. कमावती आणि कसबी बाई म्हणून गावात तिला मान मिळे तो त्यावरून. १९९३ मध्ये बाईंनी यावर पुस्तक लिहिलं आणि त्याच्या नावातच ती आरी ठेवली.

ही मूठ सापडली होती वस्तीच्या कचऱ्यात. बाईंनी पुस्तकात एक प्रसंग कल्पून लिहिलाय, कल्पून लिहिलाय हे सांगूनच : एका तरुण मुलीची ही आरी हरवते आणि नजरचुकीनं केरात जाते. ते वाचताना मला सारखं वाटत राहिलं, तिच्या मुठीवर अजून बरीच जागा शिल्लक असणार.