ग्रंथसंग्रहातील वैविध्याचे मापन

सार्वजनिक ग्रंथालयाचा संग्रह वैविध्यपूर्ण आहे असे केव्हा म्हणता येईल? या प्रश्नाचे उत्तर बहुधा ग्रंथसंख्येने अथवा विषयांच्या यादीने दिले जाते. तथापि विषय अनेक असूनही लेखक एकाच सामाजिक थरातील असू शकतात. आणि लेखक नाना थरांतील असूनही त्यांचे ग्रंथ वाचकाच्या दृष्टीस पडत नाहीत, असेही घडते. म्हणून संग्रह, मांडणी व देवघेव या तिहींची तपासणी स्वतंत्रपणे करणे अगत्याचे ठरते.

मुंबईच्या ग्रंथालय-इतिहासात या प्रश्नाची पार्श्वभूमी सापडते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली स्थापन झाले. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणगावातील कामगारांसाठी मोफत वाचनालये व फिरती ग्रंथालये चालविली. या कार्यात कामगार हा प्रामुख्याने वाचक होता. पुढे तो लेखक म्हणूनही पुढे आला. १९५८ साली दादर येथे भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन अण्णाभाऊ साठे यांनी केले. त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ मध्ये, नारायण सुर्वे यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा काव्यसंग्रह १९६२ मध्ये आणि बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला.

हा पालट तालिकेवरून उमगत नाही. ड्युईच्या दशांश पद्धतीत मराठी कथा-कादंबरीचा क्रमांक ८९१.४६३. ‘फकिरा’ आणि ना. सी. फडके यांची कोणतीही कादंबरी या एकाच क्रमांकाखाली येते. वर्गीकरण भाषा व वाङ्मयप्रकार सांगते; लेखन कोणत्या अनुभवविश्वातून आले, हे सांगत नाही. यास्तव दाखल-नोंदवहीतून, समजा, १०० ग्रंथ यदृच्छया निवडून त्यांची निराळी नोंद करावी. लेखकाची जात आडनावावरून मात्र तर्काने ठरवू नये. ग्रंथाचा विषय व लेखकाने स्वतः दिलेली माहिती एवढाच आधार घ्यावा.

दुसरी तपासणी मांडणीची. दलित साहित्य केवळ १४ एप्रिल व ६ डिसेंबर या दिवशी, आणि स्त्रियांचे लेखन केवळ मार्च महिन्यात दर्शनी कपाटात येत असेल, तर उरलेल्या वर्षाचा हिशेब मागावा लागेल. याकरिता प्रदर्शित ग्रंथांची वर्षभर नोंद ठेवणे पुरेसे आहे.

तिसरी तपासणी देवघेवीची, आणि खरा धोका येथेच आहे. जो ग्रंथ मांडला जात नाही, तो थोडा वाचला जातो. आणि जो थोडा वाचला जातो, तो निर्लेखनाच्या यादीत प्रथम जातो. मागणी नाही हे कारण नोंदविले जाते. परंतु ती मागणी निर्माण होण्यास वाव होता काय, हे तपासले जात नाही. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, हे डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेले सूत्र येथे कसोटीस लागते. निर्लेखनापूर्वी असा ग्रंथ काही काळ दर्शनी ठेवून पाहावा, हा त्यावरील साधा उपाय होय. गिरण्या बंद पडल्यानंतर गिरणगावाच्या जीवनाची साक्ष ज्या थोड्या ठिकाणी उरली आहे, त्यांत हे ग्रंथ मोडतात. दुर्मिळ झालेली प्रत एकदा गेली की ती पुन्हा मिळविणे कठीण असते.