बसवणं सोपं, काढणं निगुतीचं

१९७७ साली डोनाल्ड कनुथ यांच्या हाती स्वतःच्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. अक्षरजुळणी इतकी वाईट होती, की त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली. तीच ‘टेक’. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर ‘लाटेक’ उभारलं आणि जगभरच्या लोकांनी लिहिलेली हजारो पॅकेजं ‘सीटॅन’ या खुल्या भांडारात साठत गेली.

१९९६मध्ये ‘टेक लाइव्ह’ आलं आणि हा पसारा एकत्र मिळू लागला. तरी नवं पॅकेज घालायचं, तर झिप उतरवायची, फाइली योग्य फोल्डरांत ठेवायच्या आणि फाइलींची सूची ताजी करायची. ते काढायची वेळ आली, की आपण काय कुठे ठेवलं होतं, हे शोधणं आलंच.

हे काम २००८च्या टेक लाइव्हबरोबर ‘टीएलएमजीआर’नं अंगावर घेतलं. पर्ल भाषेतला हा प्रोग्राम घडवण्यात नॉर्बर्ट प्रायनिंग यांचा मोठा वाटा आहे. कुठल्या पॅकेजच्या कोणत्या फाइली आणि त्याला आणखी काय लागतं, याची नोंद तो साध्या मजकुराच्या एका फाइलीत ठेवतो. ‘टीएलएमजीआर इन्स्टॉल’पुढे पॅकेजचं नाव लिहिलं, की काम होतं. पण फाइलीचं आणि पॅकेजचं नाव एकच असेल असं नाही. आकृत्यांची ‘टिक्झ’ फाइल ‘पीजीएफ’ नावाच्या पॅकेजमध्ये असते. फाइल सापडत नाही अशी तक्रार लाटेकनं केली, तर ‘सर्च’ला ‘ग्लोबल’ आणि ‘फाइल’ हे पर्याय जोडून विचारावं. पॅकेजचं नाव कळतं.

या साधनाची खरी गुणवत्ता मला दिसते ती ‘रिमूव्ह’मध्ये. पॅकेज काढताना त्याच्याबरोबर आलेली इतर पॅकेजं तो काढत नाही, कारण ती दुसऱ्या कुणाला लागत असतील. जे पॅकेज एखाद्या बसवलेल्या संग्रहाचा, म्हणजे पॅकेजांच्या गटाचा भाग आहे, ते काढायला तो सरळ नकार देतो. ‘फोर्स’ लावून जबरदस्ती केली, तर ऐकतो. पण ते पॅकेज जबरदस्तीनं काढल्याचं पुढच्या अपडेटच्या यादीत दाखवतो. संग्रहच काढला, तर मात्र त्यातली पॅकेजंही जातात. बॅकअप ठेवला असेल, तर ‘रिस्टोअर’नं जुनी प्रत परत आणता येते. इतका जबाबदार स्वभाव कितीतरी महागड्या सॉफ्टवेअरांतही आढळत नाही.

दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. डेबियन किंवा उबुंटूच्या भांडारातून टेक लाइव्ह घेतलं असेल, तर त्या पॅकेजांचा हिशेब त्या प्रणालीच्या ‘ॲप्ट’ या व्यवस्थापकाकडे असतो, तिथे बसवणं-काढणं त्याच्याकडूनच करावं. आणि नव्या वर्षाची आवृत्ती आली, की जुनीची अपडेट थांबतात. नवी आवृत्ती वर्षाच्या नावाच्या वेगळ्या फोल्डरात बसते, त्यामुळे दोन्ही शेजारी नांदतात.

मराठीत लिहिणाऱ्यांनी पूर्ण टेक लाइव्हचे कित्येक जीबी उतरवायची गरज नाही. ‘बेसिक’ योजना घ्या, त्यावर झीटेकचा संग्रह, ‘फाँटस्पेक’ आणि ‘पॉलिग्लॉसिया’ बसवा. मराठीत लिहिण्यासाठी लाटेक कसं वापरावं, हे सांगणारी पुस्तिकाही ‘लाटेक-एमआर’ या पॅकेजच्या रूपात मिळते, ती जरूर घ्या. आणि काहीही काढण्याआधी आज्ञेला ‘ड्राय-रन’ जोडा; काय जाणार आहे ते आधी दिसेल, मगच तो पर्याय वगळून पुन्हा एंटर दाबा.