कातडे, कळक आणि एक तार

गोंधळ उभा राहिला की नजर आधी संबळावर जाते. पायघोळ झगा, गळ्यात कवड्यांची माळ, जळती दिवटी आणि घुमणारा संबळ. त्याच्या शेजारी उभा असतो तुणतुणेवाला. त्याच्या हातात एक लहानसे नळकांडे, त्याला उभी काठी आणि एकच तार. आख्यान पहाटेपर्यंत चालते आणि तोवर या तारेवरचा हात थांबत नाही. तुळजापूरच्या भवानीचे कदमराई गोंधळी असोत की माहूरच्या रेणुकेचे रेणुराई, तुणतुण्यावाचून मेळ पुरा होत नाही. धाराशिव जिल्ह्याचे स्वतःचे तंतुवाद्य कोणते असे कोणी विचारले, तर मी तुणतुण्याचेच नाव घेईन. ते जवळजवळ सगळे इथल्याच जिनसांतून उभे राहते.

त्याची बांधणी अशी. वीतभर उंचीचे, दोन्ही तोंडे उघडी असलेले नळकांडे घ्यायचे. ते लाकूड कोरून करतात किंवा पत्र्याचे, पितळेचे घेतात. खालच्या तोंडावर शेळीचे कातडे मढवायचे. बाहेरच्या अंगाला कळकाची काठी खिळ्यांनी पक्की करायची आणि तिच्या वरच्या टोकाला भोक पाडून खुंटी बसवायची. तार कातड्याच्या बरोबर मध्यातून निघते, नळकांड्याच्या पोकळीतून वर येते आणि खुंटीला गुंडाळली जाते. तिचे खालचे टोक कातडे फाडून बाहेर येऊ नये, म्हणून तिथे छोटीशी चकती अडकवलेली असते. घोडी नाही, पडदे नाहीत. तार तेवढी बाजारातून आणावी लागते.

कातड्याच्या बाबतीत हा जिल्हा श्रीमंत आहे. उस्मानाबादी शेळी ही इथली नोंद झालेली जात. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलले, शेळीचे तेच राहिले. अंगाने बहुधा काळी, माळावरच्या काट्याकुट्यावर जगणारी आणि पुष्कळदा जुळी करडे देणारी ही शेळी दुष्काळात घर सावरते. शेळीचे कातडे पातळ आणि चिवट असते. म्हशीचे जाड कातडे एवढ्या बारीक तारेला दाद देणार नाही. चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढलेले कातडे ओले असतानाच ताणून बसवतात. वाळताना ते आखडते आणि हवा तो ताण आपसूक मिळतो. पावसाळी हवेत ते ओल धरते, सैल पडते आणि सूर उतरतो. मग खुंटी पिळावी लागते. बालाघाटाच्या डोंगरावरची वर्षातले बहुतेक महिने कोरडी असणारी हवा म्हणूनच या वाद्याला मानवते.

खरी गंमत आवाजात आहे. गिटारची तार लाकडी पाटाला समांतर धावते आणि तिचे कंपन घोडीवाटे पाटात उतरते. तुणतुण्याची तार कातड्यावर काटकोनात उभी असते. छेडल्यावर ती डावीकडे गेली की तिचा ताण वाढतो आणि कातडे वर ओढले जाते. उजवीकडे गेली तरी तेच. तारेच्या एका हेलकाव्यात कातड्याला दोन हिसके बसतात. तार सेकंदाला २०० वेळा हलली, तर कातड्याला ४०० हिसके मिळतात आणि तारेच्या मूळ सुराच्या वरच्या सप्तकातला सूर ठळक होतो. एवढ्याशा नळकांड्याचा आवाज संबळाच्या घुमण्यातूनही वेगळा ऐकू येतो, त्याचे एक कारण मला यात दिसते. वित्त खात्यात नोकरी करणाऱ्या तरुण सी. व्ही. रामन यांना १९०९ मध्ये एकतारीवर टिपण लिहावेसे वाटले, याचे मला म्हणूनच नवल वाटत नाही. कातड्यावर उभ्या तारेची अशी वाद्ये तंतुवाद्यांत धरायची की चर्मवाद्यांत, यावर पुढे अभ्यासकांत वादही झाला.

हीच युक्ती अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय वादकांनी वापरली. कपडे धुण्याचा पत्र्याचा टब पालथा घालायचा, तळाच्या मध्यावर दोरी बांधायची, दोरीचे दुसरे टोक उभ्या काठीला. काठी मागे ओढली की सूर चढतो, सोडली की उतरतो. मेम्फिसच्या जग बँडना खर्ज पुरवणारा हा वॉशटब बास. आपल्याकडचे जोगत्यांचे चौंडके हातानेच तार ताणून असेच बोलते.

कारखान्यातल्या गिटारचा माल मात्र जग फिरून येतो. मार्टिन या अमेरिकी कंपनीने १९६९ मध्ये ब्राझीलचे रोझवुड मिळेनासे झाल्यावर आपल्याकडचे शिसव घेतले. २०१७ मध्ये शिसवाच्या सगळ्या प्रजातीवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले आणि विक्रीची वाद्ये सीमेपार पाठवायला परवाने लागू लागले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली. तुणतुणे करणाऱ्याला यातले काही सोसावे लागत नाही.

पोवाड्यातही झीलकऱ्याच्या हाती तुणतुणेच असते. शेजारच्या बार्शीत जन्मलेल्या अमर शेख यांनी अण्णा भाऊ साठे यांच्यासह १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले, ते याच शाहिरी परंपरेतून. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथे सतारमेकरांची अख्खी गल्ली आहे, भीमाकाठचे भोपळे तिथे जातात. ते मानांकन योग्यच आहे. पण तुणतुण्याचीही मापे घेतली पाहिजेत. नळकांड्याचे तोंड केवढे, कातडे किती जाड, काठी किती लांब, हे गोंधळ्यांच्या घरी बसून लिहून ठेवले पाहिजे.

गिटार बनवू पाहणाऱ्या इथल्या तरुणांनी सुरुवात याच वाद्यापासून करावी, असे मला मनापासून वाटते. काठी लांब केली, तार जाड घेतली, नळकांडे रुंद केले की खर्जाचे तुणतुणे होईल. ते विजेवर वाजवायचे तर एक गोष्ट सांभाळावी लागेल. इलेक्ट्रिक गिटारचा चुंबकी पिकअप पोलादी तारेचे हलणे टिपतो, कातड्याचे नाही. वरच्या सप्तकातला तो सूर हवा असेल, तर पिझोची चकती कातड्यालाच चिकटवायला हवी, तीही कडेला, म्हणजे तिच्या वजनाने मधला भाग दबणार नाही.