रंगीत काच : मूळचा रंग आणि चढवलेला रंग

संग्राह्य काचसामानाच्या बाजारात भाव ठरतो तो प्रामुख्याने रंगावरून. एकाच कारखान्यात, एकाच साच्यातून निघालेल्या दोन तबकांपैकी एक नितळ बिनरंगी आणि दुसरे गर्द निळे असेल, तर दुसऱ्याला पहिल्याच्या कितीतरी पट दाम येतो. मात्र वस्तूचा घाट, साच्याची नक्षी आणि काचेची जाडी कारखान्याबाहेर पडल्यावर बदलणे जितके अवघड, तितकेच रंग बदलणे सोपे असल्याने सर्वांत महाग गुण हाच सर्वांत कमी भरवशाचाही ठरतो. ही गोष्ट सर्वांत स्पष्ट दिसते ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या अमेरिकी काचसामानात. ते संग्राहकांचे मोठे क्षेत्र आहे आणि तेथील बहुतेक कारखान्यांच्या नक्षींची व रंगांची नोंद झालेली असल्यामुळे लबाडीही तेथे पकडता येते.

साधी काच वाळू, सोडा आणि चुना वितळवून तयार होते. वाळूत लोखंडाचा अंश असतोच आणि त्यामुळे काचेला बाटलीसारखी हिरवट छटा येते. ही छटा मारण्यासाठी जुने कारागीर मिश्रणात मँगेनीज डायऑक्साइड टाकत. या काचेतील मँगेनीज तिच्या घडणीच्या वेळी जवळजवळ रंगहीन अवस्थेत असते, परंतु उन्हातील अतिनील किरण वर्षानुवर्षे पडत राहिले की त्यातील एकेक इलेक्ट्रॉन सुटतो, मँगेनीजची अवस्था पालटते आणि नितळ काच हळूहळू फिकट जांभळी होते. बोस्टनच्या बीकन हिल भागातील काही घरांच्या खिडक्यांची 1818 ते 1824 या काळात इंग्लंडहून आलेली तावदाने अशीच जांभळी झाली आणि पुढे त्या घरांची शान मानली गेली. मायकेल फॅरडे याने 1825 मध्ये या रंगाविषयी टिपण प्रसिद्ध केले. काचेच्या तुकड्याचे दोन भाग करून एक अंधारात आणि दुसरा उन्हात ठेवायचा आणि काही महिन्यांनी दोन्ही शेजारी धरून पाहायचे, इतकी त्याची पद्धत साधी होती. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मँगेनीजची जागा बऱ्याच अंशी सेलेनियमने घेतली. सेलेनियमची काच उन्हात जांभळी होत नाही, फार तर गव्हाच्या काडासारखी पिवळसर होते. त्यामुळे उन्हाने आलेली जांभळी झाक हा वस्तूच्या वयाचा ढोबळ पुरावाही ठरतो.

नेमक्या याच पुराव्याचा गैरफायदा घेतला जातो. ऊन जे काम अनेक वर्षांत करते, ते कोबाल्ट-60 या किरणोत्सारी पदार्थातून निघणारे गॅमा किरण फार थोड्या वेळात करतात. नाशिक जिल्ह्यात लासलगाव येथे 2002 मध्ये सुरू झालेल्या केंद्रात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून जे किरण वापरले जातात, तेच हे किरण. त्यांमुळे कांदा जसा किरणोत्सारी होत नाही, तशी काचही होत नाही, म्हणजे अशी वस्तू घरात ठेवण्यात धोका काही नाही. प्रश्न आहे तो सचोटीचा. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या नितळ बाटल्या, दाबून केलेले पेले, तारायंत्राच्या खांबांवरील काचेचे विद्युतरोधक असा माल किरणांखाली ठेवून त्यावर गडद जांभळा रंग आणला जातो, आणि मँगेनीज नसलेल्या काचेवर तपकिरी किंवा धुरकट रंग येतो. तोच माल पुढे दुर्मिळ रंगाचा म्हणून विकला जातो.

ओळख कशी पटवायची, याला एकच एक उत्तर नाही. उन्हाने झालेला रंग सहसा हलका असतो आणि तो सर्वत्र सारखा नसतो. वाळवंटात अर्धी गाडलेली बाटली आकाशाकडच्या बाजूने जांभळी आणि मातीकडच्या बाजूने जवळजवळ पांढरी राहते. किरणांनी आणलेला रंग गडद आणि सर्वत्र एकसारखा असतो. तथापि गडद जांभळा दिसला की तो बनावट, असेही म्हणता येत नाही, कारण मँगेनीज अधिक घालून भट्टीतच जांभळी केलेली काच फार पूर्वीपासून अस्तित्वात आहे. म्हणून निर्णायक प्रश्न निराळा ठरतो: ही नक्षी त्या कारखान्याने त्या रंगात कधी काढली होती काय? कारखान्याच्या छापील सूचीत जो रंग नाही आणि अन्य संग्राहकांच्या नोंदीतही नाही, तो अचानक बाजारात आला तर त्याला शोध समजण्यापूर्वी संशयास्पद समजावे, हे शहाणपणाचे. काचेला मंद तापवले की किरणांनी आलेला रंग निघून जातो हे खरे. पण जुनी काच तापवताना तडकण्याची भीती असल्याने ही कसोटी घरी लावण्यासारखी नाही.

युरेनियम घातलेल्या काचेबाबत गोंधळ वेगळ्या कारणाने होतो. मार्टिन क्लाप्रोथ याने 1789 मध्ये युरेनियम शोधले आणि 1830 च्या दशकात बोहेमियात रीडेल घराण्याच्या कारखान्यांनी त्यापासून पिवळी व हिरवी काच लोकप्रिय केली. अंधारात अतिनील दिवा धरला की ती लख्ख हिरवी चमकते, आणि हा दिवा आता कोणालाही स्वस्तात मिळत असल्याने चमक दिसली की युरेनियम, असा समज पक्का झाला आहे. वस्तुस्थिती अशी की मँगेनीजची काचही याच दिव्याखाली मंद हिरवी दिसते. युरेनियमची चमक प्रखर असते आणि ती काचेच्या पोटातून येते, तर मँगेनीजची फिकी व मरगळलेली असते. दोन्ही नमुने एकदा शेजारी ठेवून पाहिले की पुन्हा चूक होत नाही.

काचेच्या पोटातील रंगाहून पृष्ठभागावरचा रंग ओळखायला सोपा. वेस्ट व्हर्जिनियातील विल्यम्सटाउन येथील फेंटन कारखान्याने 1907 मध्ये तप्त काचेवर धातूंच्या क्षारांचा फवारा मारून मोराच्या पिसासारखी झळाळी असणारा माल काढला, जो आज कार्निव्हल काच म्हणून ओळखला जातो. ही झळाळी तापलेल्या काचेला भिनलेली असते. उलट नंतर थंड काचेवर मारलेला रंग किंवा लाखेचा थर कडांवर, खाचांत साचतो आणि ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या कापसाला लागतो. (जुन्या वस्तूवरील थंड अवस्थेत लावलेली सोनेरी रेघही अशीच निघून जाते, हे ध्यानात न ठेवता पुसायला घेणारे स्वतःच वस्तूचे नुकसान करतात.)

मंदीच्या काळातील स्वस्त रंगीत काचसामानाची, म्हणजे 1930 च्या आसपास गुलाबी, हिरव्या, पिवळसर रंगांत निघालेल्या आणि ओटच्या डब्यातून फुकटही मिळणाऱ्या तबकापेल्यांची, गोष्ट आणखी निराळी. तेथे वस्तूच नवी असते. फेडरल कारखान्याची 'माद्रिद' नक्षी 1976 मध्ये नव्याने पिवळसर रंगात निघाली तेव्हा तिच्यावर 76 हा आकडा होता. पुढे साचे इंडियाना कारखान्याकडे गेले, आकडा काढला गेला आणि गुलाबी, निळ्या अशा रंगांतही माल येऊ लागला. साचा खरा, नक्षी खरी, काळ मात्र खोटा, अशा या वस्तूत निळ्या रंगाची छटा मूळ सौम्य निळ्याशी जुळवून पाहणे हाच मार्ग उरतो.

रंगावर भिस्त ठेवता येत नसेल तेव्हा तळ पाहावा. दशकानुदशके टेबलावर सरकलेल्या तबकाच्या तळाच्या कडेवर बारीक ओरखडे असतात, ते सर्व दिशांना विखुरलेले आणि फक्त टेकणाऱ्या भागावर असतात. कानसेने किंवा पॉलिश कागदाने घासून आणलेली झीज समांतर रेघांची असते आणि जेथे टेबल कधी लागणारच नाही अशा खोलगट भागातही शिरते. भिंगाखाली हा फरक क्षणात कळतो. काठाचेही तसेच: मूळ काठ भट्टीच्या ज्वाळेत गोलसर झालेला असतो, टवका लपवण्यासाठी घासून खाली आणलेला काठ सपाट आणि बोटाला धारदार लागतो.

भारतीय काचेला हे निकष लावताना अडचण येते. लोकांकडून पैसा-पैसा जमवून उभारलेल्या 'पैसा फंडा'तून 1908 मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला, आणि पुढे फिरोजाबादच्या जैन कारखान्याने झळाळत्या नारिंगी रंगाचे पेले व वळलेल्या सोंडेच्या हत्तीच्या फुलदाण्या काढल्या, ज्या परदेशातील संग्राहक आज आवर्जून शोधतात. अमेरिकी नक्षींइतकी तपशीलवार रंगांची नोंद येथे हाताशी नसल्याने, भारतीय कार्निव्हल काचेत बहुतांश माल नारिंगीच असतो एवढे गृहीत धरून, त्याहून वेगळा रंग दिसला की तळावरची झीज, काठाचा घाट आणि साच्यात उमटलेले कारखान्याचे नाव या तिन्ही गोष्टी आधी तपासाव्यात आणि विक्रेत्याकडून रंग मूळचा असल्याचे पावतीवर लिहून घ्यावे.